पदकं कुणाकडून करून घ्यावीत? आधी जुनी पदकं गोळा करा

प्रश्न: आमचा धावणाऱ्यांचा गट पहिल्यांदाच खुली स्पर्धा घेतोय, पाच आणि दहा किलोमीटरची. साडेतीनशेच्या आसपास लोक येतील असा अंदाज आहे. अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक द्यायचं ठरलंय, शिवाय गटवार पहिल्या तिघांना वेगळी पदकं. स्पर्धेला नऊ आठवडे आहेत. तीन ठिकाणांहून भाव आलेत. जवळचा ट्रॉफीवाला तयार पदकावर आमचा स्टिकर लावून चार दिवसांत देतो म्हणतो. एका ऑनलाइन कंपनीचा दर सगळ्यांत कमी आहे, फोटोही सुंदर आहेत, पण पूर्ण पैसे आधी भरायचे आहेत. तिसऱ्याचा स्वतःचा कारखाना आहे. तो साच्याचे पैसे वेगळे मागतो आणि पाच आठवडे लागतील म्हणतो. यावरून समितीत दोन तट पडलेत. त्यात प्रायोजकांना पदकाच्या पुढच्या बाजूला त्यांचा लोगो हवा आहे. ऑर्डर कुणाला द्यावी?
– एक संयोजिका

उत्तर:

नमस्कार. तुमच्या समितीतला वाद दरावरून चाललाय असं दिसतं. पण तुमच्याकडे आलेले तीन भाव एकाच वस्तूचे नाहीतच. ट्रॉफीवाला बाजारात मिळणारं तयार पदक देणार, त्याच्या मधल्या खळग्यात तुमचा छापील स्टिकर. ऑनलाइनवाला कोणता धातू वापरणार आणि किती जाडीचा, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा त्याच्या कोटेशनमध्येही नसावं. कारखानदार नवा साचा करून खास तुमचं पदक ओतणार. हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून स्वस्त कोण, महाग कोण हे ठरवताच येत नाही. त्यामुळे वाद दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी एक बिनखर्चाचं काम करा.

येत्या सरावाला प्रत्येकाला घरातली दोन पदकं आणायला सांगा. एक, जे आजही भिंतीवर लावावंसं वाटतं ते. दुसरं, जे खराब झालंय ते. दोन-तीन वर्षांपूर्वीची असली तर फारच चांगलं. नवं पदक कुणाचंही चकाकतं, फोटोत तर सगळ्यांचंच. करणाऱ्याने काम कसं केलंय हे वर्ष-दोन वर्षं गेल्यावर दिसतं, आणि तो पुरावा तुमच्याच गटाच्या घराघरांत पडून आहे.

सगळी पदकं टेबलावर मांडा आणि उलटी करून बघायला लागा. पहिली नजर फीत अडकवायच्या कडीच्या आतल्या बाजूला टाका. विजेवर मुलामा चढवताना प्रवाह कडांवर आणि उंचवट्यांवर एकवटतो, खाचाखोचांत कमी पोहोचतो. त्यामुळे कडीच्या आत आणि अक्षरांच्या खोबणीत थर सगळ्यांत पातळ बसतो. शिवाय घामाने ओली झालेली फीत नेमकी तिथेच घासत राहते. लोखंडी पदकाला गंज धरायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा तिथूनच. मग पाठीवरून बोट फिरवा. बारीक फोड हाताला लागले तर ओतकाम सच्छिद्र होतं असं समजा; छिद्रांत अडकलेली हवा किंवा द्रावण मुलाम्याला खालून उचलतं. रंग भरलेल्या भागावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंगाचे कण पट्टीवर आले तर रंग धातूला नीट धरलेलाच नव्हता. शेवटी चुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंड, नाही तर जस्ताचा मिश्रधातू किंवा पितळ. अर्ध्या तासात तुमच्या समितीला पदकांतलं जेवढं कळेल तेवढं दहा कॅटलॉग चाळून कळणार नाही.

जी पदकं या तपासणीत टिकली, त्या स्पर्धांच्या संयोजकांना फोन लावा. तीनच गोष्टी विचारा: माल ठरल्या दिवशी आला का, सॅम्पलसारखाच आला का, आणि खराब निघालेल्या नगांचं पुढे काय झालं. संयोजक एकमेकांना असली माहिती मोकळेपणाने देतात. तुमच्या तिघांपैकी कुणाचं काम त्या टेबलावर निघालं तर निम्मा निर्णय तिथेच होईल. नाही तर एखादा चौथा पुरवठादार सापडेल, आणि माझ्या मते दोन वर्षांनीही शाबूत असलेलं पदक ज्याने केलं, त्याचा भाव थोडा चढा असला तरी आधी त्याच्याशी बोलावं.

टिकण्यावर मी इतका भर का देते ते सांगते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची पदकं फ्रान्सच्या सरकारी टांकसाळीने बनवली. प्रत्येक पदकात आयफेल टॉवरच्या मूळ लोखंडाचा १८ ग्रॅमचा षट्कोनी तुकडा बसवलेला होता. तरीही अमेरिकेचा स्केटबोर्डपटू नायजा ह्यूस्टन याने काही दिवसांतच आपल्या कांस्यपदकाचा उतरलेला रंग जगाला दाखवला, आणि पुढे खराब झालेली पदकं बदलून देण्याचं जाहीर करावं लागलं. त्याआधी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचीही शंभराहून जास्त पदकं डाग आणि गंजाच्या तक्रारीमुळे परत आली होती. जगातल्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेत घात होतो तो वरच्या पातळ थराने, मग आपण त्या थराविषयी आधीच चार प्रश्न विचारलेले बरे.

आता धातूकडे येऊ. तुमच्या संख्येला जस्ताचा मिश्रधातू योग्य. तो चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे फिरत्या रबरी साच्यात ओतता येतो आणि असा साचा पोलादी साच्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. पोलादी साचा हजारोंच्या ऑर्डरला परवडतो. दोन पोलादी ठशांमध्ये पितळ दाबून काढलेलं पदक फार रेखीव येतं, पण महाग असतं. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका. लोखंडी पत्र्यावर ठसा मारलेलं पदक वाईटच असतं असंही नाही, मात्र त्याचा मुलामा चांगला असावा लागतो. पैसे खरंच कमी पडत असतील तर लाकूड किंवा ॲक्रिलिक लेझरने कापून घ्या. त्याला साचा लागत नाही आणि गंजाचा प्रश्नच मिटतो. हलक्या पत्र्याला सोनेरी झळाळी दिलेल्या पदकापेक्षा नीट कापलेलं, गुळगुळीत घासलेलं लाकडी पदक मला कधीही जास्त आवडतं.

कोटेशनमध्ये फक्त व्यास लिहिलेला असतो, तिथे फसगत होते. जस्त मिश्रधातूचं ६० मिलिमीटर व्यासाचं आणि ३ मिलिमीटर जाडीचं भरीव गोल पदक साधारण ५६ ग्रॅम भरतं. जाडी ५ मिलिमीटर केली की तेच ९३ ग्रॅमच्या आसपास जातं. नक्षी खोलगट असेल किंवा मधून जाळी कापलेली असेल तर वजन त्या मानाने उतरतं. पण भरीव म्हणून विकलेलं ६० मिलिमीटरचं पदक ३५ ग्रॅमचं निघालं तर त्याची जाडी दोन मिलिमीटरचीही नाही, किंवा पाठ आतून पोकळ आहे. म्हणून व्यास, जाडी आणि वजन तिन्ही लिहून मागा. स्वस्त दराचं गुपित बहुतेक वेळा या तीन आकड्यांतच असतं.

यावरून एक मजकूर तयार करा आणि सगळ्यांना शब्दाचाही फरक न करता तोच पाठवा. काहीसा असा: ‘पूर्ण करणाऱ्यांसाठी ३६० पदकं. जस्त मिश्रधातू, व्यास ६० मिमी, जाडी ३ मिमी, पुढे उठाव, मागची बाजू सपाट. अँटिक फिनिश, दोन रंगांत सॉफ्ट इनॅमल. फीत २५ मिमी रुंद, ९० सेंमी लांब, छापील आणि कडीत शिवलेली. प्रत्येक पदक वेगळ्या पिशवीत. एका पदकाचं वजन किती भरेल? सोनेरी किंवा रुपेरी थराखाली कोणते थर चढवता? साच्याचा खर्च वेगळा दाखवा. कर आणि वाहतूक धरून आमच्या दारात किती पडेल, आणि कोणत्या तारखेला?’

अँटिक फिनिश मी मुद्दाम घातलं आहे. त्यात पदक आधी काळपट करून उंच भाग पुन्हा उजळतात. अक्षरं उठून दिसतात, बारीक ओरखडे लपतात, बोटांचे ठसे उमटत नाहीत. आरशासारखी चकचकीत सोनेरी पदकं एकमेकांवर घासली तरी चरे दिसतात. सॉफ्ट इनॅमलमध्ये रंग धातूच्या रेषांपेक्षा थोडा खाली बसतो, हाताला उंचसखल लागतं. हार्ड इनॅमलमध्ये रंग काठोकाठ भरून घासून सपाट करतात. ते जास्त टिकतं आणि महागही पडतं. पळण्याच्या पदकाला सॉफ्ट पुरेसं आहे.

थरांविषयीच्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते नीट वाचा. जस्तावर थेट निकेल चढवलं तर आम्लयुक्त द्रावण जस्तालाच खातं, म्हणून आधी तांब्याचा थर द्यावा लागतो. जो स्वतः काम करतो किंवा करून घेताना समोर उभा असतो, तो हे न अडखळता सांगेल. जो फक्त इकडचा माल तिकडे करतो तो म्हणेल, विचारून सांगतो. तेवढ्यावरून त्याला बाद करू नका. मधला व्यापारी असणं हा दोष नाही. माल बिघडला तर जबाबदारी घेणारा, फोन उचलणारा व्यापारी दूरच्या कारखान्यापेक्षा पुष्कळदा बरा पडतो. फक्त माल कुठे तयार होतो हे त्याने लपवू नये. चीनमधून येणार असेल तर वाहतूक आणि सीमाशुल्काचे दिवस त्याने धरलेत का, आणि चिनी नववर्षाच्या सुटीत जानेवारी-फेब्रुवारीमध्ये तिथले कारखाने बंद असतात हे त्याच्या हिशेबात आहे का, ते विचारा.

सॅम्पलबाबत मात्र ढिलं सोडू नका. ‘आम्ही केलेलं’ म्हणून दुसऱ्याच स्पर्धेचं पदक दाखवतात. ते बघाच, त्याच्यावर चिकटपट्टी आणि चुंबक लावून बघा. पण त्याने भागत नाही. संगणकावरचं चित्र मंजूर केल्यावर साचा तयार झाला, की तुमच्या पदकाचा पहिला नग हातात मिळायला हवा, आणि तो पास झाल्यावरच उरलेले ओतायचे, असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. अगदीच वेळ नसेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून आणि वजनकाट्यावर ठेवून काढलेला व्हिडिओ मागवा. पण नऊ आठवडे असताना तशी वेळ यायचं कारण नाही. पास केलेला नग स्वतःकडे ठेवा. माल आल्यावर त्याच्याशीच ताडून बघायचा आहे.

पदकावर मराठी मजकूर असेल तर इथे थोडं थांबा, कारण याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवला आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते. समोरच्या कारागिराला मराठी येत नसेल तर त्याला ते दिसणारही नाही. त्यामुळे डिझाइन व्हेक्टर फाइलमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेल्या चित्राच्या फाइलमध्ये, द्या आणि अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करूनच द्या, म्हणजे ती अक्षरं न राहता रेषा होतात आणि हलत नाहीत. नाजूक, बारीक फॉन्ट टाळा. ओतीव पदकात बारीक रेषा पुसट होतात, अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो, ‘श्र’ किंवा ‘क्ष’च्या पोटातली जागा बुजून जाते आणि मग त्यात रंग साचतो. जाड, मोकळा फॉन्ट घ्या आणि शब्द कमी ठेवा. चित्र कागदावर प्रत्यक्ष मापात, म्हणजे ६० मिलिमीटरचंच, छापून हातभर अंतरावरून वाचून बघा. पडद्यावर मोठं करून सगळंच वाचता येतं. शुद्धलेखन दोघांनी तपासा, त्यातला एक समितीबाहेरचा असावा.

वेळेचा हिशेब मागून पुढे करा. पदकं स्पर्धेच्या दोन आठवडे आधी घरात हवीत, म्हणजे हातात सात उरतात. चित्र पक्कं व्हायला एक, साचा आणि पहिला नग यायला दोन, बाकी ओतकाम, घासकाम, मुलामा, रंग आणि फिती यांना तीन, वाहतुकीला एक. शिल्लक काहीच नाही. म्हणून जुनी पदकं बघणं, फोन करणं आणि भाव मागवणं हे सगळं येत्या आठ दिवसांत उरका. कारखानदाराचे पाच आठवडे ऑर्डर दिल्यापासूनचे की पहिला नग पास केल्यापासूनचे, हेही विचारून घ्या. या एका गोष्टीवर दोन आठवड्यांचा फरक पडतो.

पैशांचं म्हणाल तर पूर्ण आगाऊ रक्कम देऊ नका. साच्याचे पैसे आणि निम्मी रक्कम ऑर्डरबरोबर, उरलेली माल तयार झाल्यावर, अशी रीत योग्य आहे. खराब नगांचे पैसे परत मिळतील या आश्वासनाला स्पर्धेच्या दिवशी काही अर्थ नसतो; शेवटच्या धावपटूच्या गळ्यात पैसे घालता येत नाहीत. त्याऐवजी शेकडा दोन-तीन नग जादा, त्याच दरात, आधीच ठरवून घ्या. आणि साचा कुणाच्या मालकीचा, किती वर्षं सांभाळून ठेवणार, हे लिहून घ्या. पैसे तुम्ही भरलेत, तर तो तुमचा.

संख्येची काळजी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती पुढे येणारच. नंतर पन्नास पदकं वाढवून घ्यायची म्हटलं, तर त्यांना जवळपास पहिल्याइतकाच वेळ लागतो आणि मुलाम्याची छटा थोडी वेगळी येऊ शकते. म्हणून पदकांचा आकडा आधी ठरवा आणि नोंदणी त्या आकड्यावर थांबवा. पाच आणि दहा किलोमीटरसाठी दोन साचे करू नका. पदक एकच, फितीचा रंग वेगळा आणि अंतर फितीवर छापलेलं. वर्षही फितीवर टाकलंत तर उरलेली पदकं आणि साचा पुढच्या वर्षी कामी येतो. यावर मतं वेगळी आहेत. दर वर्षी येणाऱ्यांना नवं पदक हवं असतं आणि ते मला पटतंही. पण पहिल्या वर्षी, आकड्यांचा अंदाज नसताना, वर्ष फितीवरच असू द्या.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. आज आहे त्या माहितीवर मी पूर्ण करणाऱ्यांची पदकं कारखानदाराला देईन, मात्र तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पहिला नग हातात देण्याचं त्याने लिहून दिलं तरच. साच्याचे पैसे वेगळे दाखवतो ही मला त्याची जमेची बाजू वाटते. बाकीचे ते दरात मिसळून टाकतात. ऑनलाइन कंपनी निम्मी रक्कम आणि पहिला नग या दोन अटी मान्य करत असेल तर तिला स्पर्धेत धरा, नसेल तर फोटो कितीही सुंदर असोत, सोडून द्या. गटवार विजेत्यांची पदकं ट्रॉफीवाल्याला द्या. ती मोजकी आहेत, त्यांची वर्गवारी शेवटपर्यंत बदलत राहते, आणि पाठीवर नाव कोरून हवं असेल तर ते जवळच्या माणसाकडूनच सोयीचं. त्याच्याकडे साडेतीनशे तयार पदकं ऐन वेळी मिळतील का, हेही विचारून ठेवा. पहिला नग वेळेत आला नाही तर तिथे वळायचं.

माल आला की खोके त्याच दिवशी उघडा. दहा पदकांचं वजन करून त्यावरून पूर्ण खोक्याची मोजणी करता येते. प्रत्येक खोक्यातले वरचे, मधले आणि तळाचे काही नग पास केलेल्या नगाशी ताडा. पदकांना रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने तांब्या-चांदीचा पृष्ठभाग काळवंडतो.

राहिला प्रायोजकांचा लोगो. पुढची बाजू धावपटूची. तिथे स्पर्धेचं नाव आणि चित्र असावं, आणि यावर समितीने ठाम राहावं असं मला मनापासून वाटतं. ज्या पदकावर मोठा लोगो असतो ते भिंतीवर न लागता खणात जातं, आणि मग प्रायोजकांचाही हेतू साधत नाही. त्यांना फितीच्या दोन्ही बाजू देऊ करा. गळ्यात पदक घालून काढलेल्या प्रत्येक फोटोत फीत दिसते, छपाईत लोगोचे सगळे रंग जसेच्या तसे येतात, आणि साच्याला हात लावावा लागत नाही. त्यांना मागची बाजू हवी असेल तर तीही चालेल, फक्त मग विजेत्यांच्या पदकांची पाठ कोरण्यासाठी मोकळी ठेवा. हे त्यांच्याशी चित्र मंजूर होण्याआधी बोला, शक्यतो याच आठवड्यात. साचा कापल्यावर लोगो हलवायचा म्हणजे नवा साचा.